तळं दोन पंचायतींच्या हद्दीत असेल तर पाणी राखायचं कुणी?

तुमचं गाव डिचोली तालुक्यात, तळं अर्धं तुमच्या पंचायतीत आणि अर्धं शेजारच्या. पाणी हिरवट झालंय, उन्हाळ्यात वास मारतो, आणि दोन्ही सरपंच एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी पुढाकार कुणी घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय. मी गोव्यातल्याच एका पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहे आणि आमच्याकडेही हेच दुखणं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हद्दीचा नकाशा बाजूला ठेवा आणि तळ्यात पाणी कुठून कुठून उतरतं ते बघा. जूनमध्ये एक-दोन मोठ्या सरी झाल्या की दोन्ही गावांतल्या चार-चार माणसांनी मिळून प्रत्येक व्हाळ, म्हणजे ओढा, वरपर्यंत चालत जायचं. आम्ही गेलो तेव्हा तळ्याच्या काठावर दोष देण्यासारखं काही सापडलं नाही. सापडलं ते बरंच वर, भाड्याच्या खोल्यांच्या मागच्या बाजूला. सेप्टिक टँकमधून निघालेला पीव्हीसी पाईप सोकपिटात (पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्यात) न जाता थेट व्हाळात सोडलेला होता. पाईपच्या तोंडाशी राखाडी बुळबुळीत थर, तिथून खालच्या दगडांवर शेवाळाची लांब केसं आणि दहा पावलं वर मात्र तोच व्हाळ नितळ. दोन्हीकडच्या पंचांनी हे एकत्र उभं राहून पाहिलं आणि कुणाच्या हद्दीतली घाण हा वाद तिथेच संपला.

आपल्याकडे बहुतेक गावांत मलनिस्सारण वाहिनी नाही. घरटी सेप्टिक टँक आणि सोकपिट, आणि खाली चिऱ्याची जमीन, जी पाणी सहज झिरपू देते. म्हणजे तळ्याचं पाणी बिघडवणारी किंवा राखणारी गोष्ट खरं तर बांधकाम परवान्याच्या फाईलमध्ये असते, आणि तो परवाना पंचायतच देते. वरच्या पंचायतीने सोकपिट पाहिल्याशिवाय घराला दाखला दिला तर खालच्या पंचायतीने तळ्यावर कितीही खर्च केला तरी तो पाण्यात जाणार. म्हणून दोन्ही पंचायतींनी एकाच मजकुराचा ठराव आपापल्या ग्रामसभेत घ्यावा, असं मला वाटतं. तळ्याकडे उतार असलेल्या सगळ्या वाड्यांवर सोकपिटची तपासणी, मैला उपसणाऱ्या टँकरची नोंद, आणि वर्षातून ठरलेल्या वेळी पाण्याचे नमुने, एवढं त्यात असलं तरी पुरे. तळं किंवा त्याखालची शेती कोमुनिदादची, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या जुन्या संस्थेची, असेल तर त्यांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या. मानस (पाणी अडवणारं-सोडणारं दार) कधी उघडायची आणि पाणी कधी अडवायचं हे अनेक गावांत तेच ठरवत आलेत. जलस्रोत खात्यालाही पत्र द्या.

शेजारची पंचायत पहिल्यांदा नाही म्हणाली तर खचू नका. अमेरिकेत सिएटलजवळ लेक वॉशिंग्टन नावाचं मोठं सरोवर आहे. काठावरची शहरं आपापलं सांडपाणी प्रक्रिया करून त्यातच सोडायची. प्रक्रिया झालेल्या पाण्यातही फॉस्फरस उरतो आणि शेवाळ त्यावर पोसतं. १९५५ च्या सुमारास तिथे निळं-हिरवं शेवाळ दिसायला लागलं. एकट्या शहराच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं, म्हणून सगळ्यांची मिळून एक संस्था उभारायचा प्रस्ताव आला. मार्च १९५८ च्या मतदानात तो पडला. संस्थेचं क्षेत्र कमी करून सप्टेंबरमध्ये तो पुन्हा मतदानाला ठेवला, तेव्हा मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरापासून वळवलं गेलं आणि पाणी काही वर्षांतच निवळलं.

ते सरोवर खोल आहे, आपली तळी उथळ. उथळ तळ्यात फॉस्फरस गाळात साठून राहतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो, म्हणून आपल्याला गाळही काढावा लागेल. पण तो वरची घाण थांबल्यावर. आधी गाळ, मग व्हाळ असं केलं तर दोन पावसाळ्यांत परिस्थिती जैसे थे. आणि तळ्याच्या नावावर येणारा निधी पेव्हर्स, रेलिंग आणि दिव्यांत घालवू देऊ नका. या सुशोभीकरणाने पाण्याचा एक थेंबही सुधारत नाही. याची मला मनापासून चीड आहे.

कायद्याचा आधारही आहे. पाणथळ क्षेत्रांच्या २०१७ च्या नियमांनुसार अधिसूचित (सरकारने रीतसर जाहीर केलेल्या) तळ्यात प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला बंदी आहे. मात्र सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या नियमांतून वगळलेत, आणि अधिकारी नेमकं तेच पुढे करतील. तेव्हा कुडचड्याच्या नंदा तळ्याचं उदाहरण द्या. तिथलं अडवलेलं पाणीही खालच्या भातशेतीला जातं, तरी २०२२ मध्ये ते गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत आमच्यासारखी समिती असायलाच हवी. तुमच्या दोन्ही समित्यांची संयुक्त बैठक बोलावणं हा सगळ्यात सोपा पहिला टप्पा, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

नमुने तळ्याच्या मध्यावरचे नकोत, प्रत्येक व्हाळाच्या तोंडाशी घ्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. आंघोळीलायक पाण्यात बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा. अहवाल दोन्ही पंचायतींच्या फलकावर एकाच दिवशी लागला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये ठराव झाला तर पहिले नमुने याच पावसाळ्यात घेता येतील.