जुन्या फायबरच्या होडीला टू-स्ट्रोक काढून तेवढ्याच हॉर्सपॉवरचं नवीन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन) बसेल का?

बसेल, पण आधी मशीन नाही, ते जिच्यावर बसतं ती होडीची मागची फळी बघा. जुन्या होड्यांत फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी मुरून ते कुजतं. लाकडी हातोडीने ठोकत जा. आवाज बद्द आला की समजा आतून गेलंय. जुनं मशीन वरखाली हलवताना फळी लवत असेल तर विषयच संपला, आधी फळी बदला.

फोर-स्ट्रोक सहसा जड असतं, त्यामुळे होडी मागून बसते. टाकी, बॅटरी पुढे सरकवा. शाफ्टची, म्हणजे मशीनच्या पाण्यात जाणाऱ्या दांड्याची, लांबी मात्र मोजूनच घ्या: फळी साधारण १५ इंच उंच असेल तर शॉर्ट, २० इंच असेल तर लाँग. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. आणि हो, टू-स्ट्रोकसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची जुनी सवय सोडा.