नोकरी सोडू का, सिस्टर?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं नर्सिंगच्या मुलींची, एक ब्रदरचं (पुरुष नर्सचं), एक एका आईचं. सगळ्यांचं गाऱ्हाणं फिरून एकच: माणसं कमी, पेशंट जास्त, राहू की सोडू? मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, शेवटची आठ मेट्रन (नर्सची प्रमुख) म्हणून. म्हणजे ड्युटी चार्टवर नावं कमी पडली की भांडणारी मीच आणि मग तीच नावं ताणून बसवणारीही मीच. तेव्हा दोन्हीकडचं सांगते.

प्रश्न : खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. नाईटला सहा पेशंट, दोन व्हेंटिलेटरवर, आणि नर्स मी एकटी. हाताशी एक शिकाऊ मुलगी. परवा एका बेडवर सक्शन करत (नळीने कफ ओढत) असताना दुसऱ्याची नॉरअॅड्रेनलिनची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज संपली. बीपी पडलं, पेशंट वाचला, पण तेव्हापासून मला झोप नाही. राजीनामा देऊ का? (वय २६)

आधी त्या रात्रीबद्दल. नॉरअॅड दोन-चार मिनिटं तुटलं तरी बीपी कोसळतं, म्हणून पुढची सिरिंज भरून, लेबल लावून पंपाशेजारी ठेवायची असते. हे तुला माहीत आहेच. पण सहा बेडवर एकटी फिरणारी बाई ती भरणार कधी? भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकात आयसीयूत प्रत्येक पाळीला एका पेशंटमागे एक नर्स आहे. आम्हाला दोघांमागे एक मिळाली तरी आम्ही खूश असायचो. सहांमागे एक म्हणजे पेशंटच्या जिवावर केलेली काटकसर. चूक झाली ती पगाराच्या रजिस्टरवर, तुझ्या हातून फक्त ती उघडी पडली.

तरीही उद्याच राजीनामा टाकू नकोस. आजवर तू हे सगळं तोंडी सांगितलंयस, हो ना? "मॅडम, स्टाफ द्या ना," "बघते गं." तोंडी सांगितलेलं उद्या कुणालाच आठवत नाही. आज रात्रीपासून ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा) घेतानाच रिपोर्ट बुकात लिही: पेशंट ६, व्हेंटिलेटर २, आयनोट्रोप (बीपीच्या औषधावर) ३, नर्स १, सुपरवायझरना १०.१० ला फोन केला, स्टाफ मिळाला नाही. एवढंच. रडगाणं नको, विशेषणं नकोत. सिरिंजच्या प्रसंगाचा इन्सिडेंट रिपोर्टही दे. मग मेट्रनच्या नावे अर्ज कर, जमलं तर दोघी-तिघींच्या सह्यांनी, आणि आवक शिक्का मारलेली पोच घरी ठेव. पेशंटच्या कागदांचे फोटो मात्र मोबाईलवर काढू नकोस, तो पुरावा तुझ्यावरच उलटेल.

त्यानंतर दोन-तीन आठवडे बघ काय होतं ते. एखादी नर्स वाढवली, किंवा स्टाफ मिळेपर्यंत दोन बेड बंद केले, तर तिथे ऐकणारं कुणीतरी आहे. थांबायला हरकत नाही. केबिनमध्ये बोलावून "नोंदी कशाला करता?" असं दरडावलं, तर दुसरीकडे अर्ज टाकायला लाग. आणि ज्या दिवशी न घेतलेले व्हायटल्स (बीपी, नाडी वगैरे) भरायला सांगतील, त्या दिवशी विचार करत बसू नकोस, राजीनामा टाक. असे चार्ट मी तपासले आहेत. सहाही पेशंटचं बीपी रात्रभर १२०/८०, नाडी ७८, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं. खाली सही असते ती नर्सची. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली, तेव्हा कारवाईच्या यादीत ड्युटीवरच्या नर्सही होत्या. चौकशीत पहिला प्रश्न "ड्युटीवर कोण होतं?" हाच असतो. किती जणी होत्या, हे विचारायची पाळी फार उशिरा येते.

प्रश्न : दोन वर्षांचा बॉण्ड लिहून दिलाय, मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलने ठेवून घेतलीत. आता सोडायचं म्हटलं तर "एक लाख भरा आणि कागद न्या" म्हणतात.

यात दोन गोष्टींची गल्लत केली आहे, आणि ती मुद्दाम केली जाते. सर्टिफिकेटं तुमची आहेत, ती ओलीस ठेवता येत नाहीत. आठ दिवसांत परत करा असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. नाही दिली तर वकिलाची साधी नोटीस. बहुतेक ठिकाणी नोटिशीला कपाट उघडतं.

बॉण्डचं वेगळं. "बॉण्ड म्हणजे रद्दी" असं व्हॉट्सअॅपवर कुणी सांगेल, त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध धरला. मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. चार दिवसांचं ओरिएंटेशन देऊन लाख रुपये वाजवी कसे, हे हॉस्पिटललाच सांगावं लागेल. तुम्ही स्टाफ कमी असल्याचे अर्ज दिले असतील, तर ते इथेही कामाला येतील. नोटीस पीरियड मात्र पूर्ण करा. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर नसेल तर पुढे परदेशी जाताना फार दमछाक होते.

प्रश्न : कधी कधी वाटतं, ड्युटी अर्धवट टाकून सरळ घरी निघून जावं.

वाटू द्या, पण जाऊ नका. नकार द्यायचा तर ओव्हर घेण्याआधी, लेखी. एकदा ओव्हर घेतली की दुसऱ्या कुणी ती घेईपर्यंत ते पेशंट तुमचे. तुमचं नोंदणीपत्र कशाने जात असेल तर ते अशा निघून जाण्याने.

प्रश्न : कॅज्युअल्टीत ब्रदर आहे. रात्री सिक्युरिटी नसते. नातेवाइकांनी मारहाण केली, प्रशासन म्हणतं तक्रार करू नका, नाव खराब होतं.

कुणाचं नाव? आधी स्वतःचं एमएलसी (पोलिस केससाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या, मार दिसतोय तोवर. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तो डॉक्टरांइतकाच नर्सनाही लागू होतो. संस्था जात नसेल तर तुम्ही स्वतः ठाण्यात जा. मार खाल्लेल्या माणसालाच जी संस्था गप्प बसवते, तिथे पुढच्या नाईटला तुमच्या मागे कुणी उभं राहणार नाही. मी तुमच्या जागी असते तर नोकरी बघायला लागले असते.

प्रश्न : मुलगी मुंबईला १४ हजारांवर नर्स आहे. डबल ड्युट्या करून वाळून गेलीय. शिक्षणाचं कर्ज आहे, सोड तरी कसं म्हणू? (एक आई)

ताई, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला २० हजारांहून कमी पगार नसावा, अशी शिफारस केली होती. २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका. शिफारशी कपाटात राहिल्या हा भाग वेगळा, पण १४ हजार म्हणजे मुलगी कुठे कमी पडतेय असं मनात आणू नका. हप्ते चालू आहेत तर हातात दुसरं नेमणूकपत्र आल्यावरच सोडू दे. तोवर डबल ड्युटीला मात्र नाही म्हणू दे. सलग १६ तास जागी असलेल्या मुलीच्या हातून इंजेक्शनचा डोस चुकायला वेळ लागत नाही.

आणि नवी जागा बघताना तिला सांगा, मुलाखतीत विचार: "नाईटला या वॉर्डात किती नर्स असतात?" उत्तर द्यायला ज्यांना वेळ लागतो, तिथे मोजायला फारसं कुणी नसतं. एवढ्यावर भागत नसेल तर सकाळी सव्वाआठला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभी राहा म्हणावं. नाईट संपवून मुली तिथेच येतात. वॉर्डातल्या मावश्याही येतात, आणि मावश्या काहीही लपवत नाहीत.