ग्लोव्ह चेंडूला लागलाच नाही, मग तीन बेस कसले?

बेसबॉलच्या सामन्यात तुमच्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) चेंडूवर ग्लोव्ह फेकला, तो चेंडूला लागला नाही, तरी अंपायरने बॅटरला तीन बेस दिले, म्हणजे थेट तिसऱ्या बेसवर पाठवलं, हे वाचलं आणि जुना संताप उफाळून आला. अगदी याच प्रकाराने आमचा सामना गेला होता.

निर्णय चुकीचाच आहे. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या नियमपुस्तकातला नियम ५.०६(बी)(४) आणि त्याखालची टिप्पणी काढून वाचा. फेकलेला ग्लोव्ह फटकावलेल्या फेअर (हद्दीतल्या) चेंडूला लागला तर तीन बेस, क्षेत्ररक्षकाच्या थ्रोला लागला तर दोन. लागलाच नाही, तर दंड शून्य. चेंडूच्या जोराने ग्लोव्ह हातातून निघाला, तरीही दंड नाही.

खरी गोम पुढे आहे. आमच्या वेळी अंपायर स्वतः म्हणाला, "लागला नाही, पण फेकला ना!" आम्ही पिचरने पुढचा चेंडू टाकण्याआधीच प्रोटेस्ट, म्हणजे निर्णयाविरुद्ध रीतसर हरकत, नोंदवला. आयोजकांच्या कार्यालयाचं उत्तर एका ओळीचं: "अंपायरच्या नजरेचा निर्णय अंतिम." अहो, नजरेचा प्रश्न होता कुठे? लागला की नाही, हा नजरेचा भाग. तिथे वाद घालू नये, या मताचा मी आहे. पण लागला नाही हे मान्य करून बेस देणं म्हणजे नियमच चुकीचा लावणं. हा फरक त्यांना शेवटपर्यंत समजून घ्यायचा नव्हता. अर्ज कुणी उघडून वाचला असेल, असं मला आजही वाटत नाही.

म्हणून सांगतो, आवाज न चढवता अंपायरला एकच विचारा: "ग्लोव्ह चेंडूला लागला का?" त्याचं उत्तर स्कोअररला तिथल्या तिथे, त्याच्याच शब्दांत लिहायला लावा. अर्जात पहिलं वाक्य तेच घाला, मग नियमाचा क्रमांक. खेळाडूची बाजू, सामन्याचं महत्त्व वगैरे काही नको.

अर्थात ग्लोव्हच्या नियमाबद्दल मी मेजर लीगच्या पुस्तकावरून बोलतोय. तुमच्या स्पर्धेत प्रोटेस्टची सोय आहे का, मुदत किती, हे तिथलं पत्रक पाहूनच ठरवा. सॉफ्टबॉलचं मी सांगणार नाही.

जाता जाता, चेंडू ग्लोव्हमध्ये अडकला तर ग्लोव्हसकट फर्स्ट बेसला फेकणं पूर्ण वैध आहे. मेजर लीगमधल्या जायंट्स संघाचा पिचर टेरी मुलहॉलंड याने १९८६ मध्ये असाच बॅटर कीथ हर्नांडेझला बाद केला होता. मुलांना हे सरावातच दाखवून ठेवा. चेंडू ओढून काढण्यात रनर बेसवर पोहोचतो.