खानापूरला राहणाऱ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चुकू नयेत म्हणून मोबाईल ॲपचा उपयोग होतो का?

होतो, पण डॉक्टर आणि गोळ्यांच्या जोडीला. वेगळं ॲप शोधत बसू नका, फोनातला साधा अलार्म पुरे. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला लावा आणि लेबल नुसतं ‘जेवण’ ठेवा. चारचौघांत स्क्रीनवर औषधाचं नाव झळकलं की माणूस अलार्मच काढून टाकतो. रिमाइंडरचं ॲप घेतलंच, तर सेटिंगमध्ये जाऊन ते बॅटरी सेव्हरमधून वगळा. बरेच स्वस्त अँड्रॉइड फोन मागे चालणारी ॲप बंद करतात, मग आठवण येतच नाही.

डेपो इंजेक्शन (काही आठवडे अंगात टिकणारं औषध) असेल तर पुढची तारीख कॅलेंडरात टाका, सूचना दोन दिवस आधीची. क्लोझापिन हे औषध 48 तासांहून जास्त चुकलं, तर पूर्वीच्या डोसने परस्पर सुरू करू नका. आधी डॉक्टरांना फोन.

झोपेचे तास रोज लिहा. झोप मोडायला लागणं ही पुष्कळदा आजार उलटण्याची आधीची खूण असते. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवत असाल तर ही नोंद सोबत न्या. भावाला न सांगता लोकेशन ट्रॅकर मात्र टाकू नका, पाळत असल्याचा त्याचा संशय तुम्हीच खरा कराल. अडलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास. भाषा निवडता येते.