मुलीच्या निवडीचा आनंद कसा साजरा करावा?

प्रिय ताई,

तुमच्या मुलीला दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळत होता आणि त्यांतले नावाजलेले सोडून तिने दुसरे, फारसे कोणाच्या तोंडी नसलेले महाविद्यालय निवडले, कारण तिला हव्या असलेल्या विषयाचा अभ्यासक्रम तिथे अधिक चांगला आहे. तुम्ही हरखून गेलात, प्रवेशपत्राचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात, घरी समारंभ ठरवून आमंत्रणेही केलीत आणि मुलगी मात्र ‘आई, एवढं कशाला?’ म्हणून खोलीत निघून गेली. ‘आनंद करणे हा गुन्हा आहे का?’ असे तुम्ही विचारता.

मुळीच नाही. मुलीने स्वतः घेतलेल्या निर्णयावर आईने इतके खूश व्हावे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तिची नाराजी तुमच्या आनंदावर नसावी, त्या समारंभात तिच्या वाट्याला काय येणार आहे यावर असावी, असा माझा अंदाज आहे. येणारा प्रत्येक जण पेढा तोंडात टाकता टाकता ‘ते दुसरं मिळत होतं ना, मग हे का घेतलं?’ असे विचारणार आणि जिच्या कौतुकासाठी सगळे जमले, तीच संध्याकाळभर खुलासे देत बसणार. हे तिला आधीच दिसले असेल, तर तिने आतून कडी लावली यात नवल नाही.

तुमच्या पत्रातला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटला. तिने दोन्ही अभ्यासक्रमांच्या छापील याद्या शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलने खुणा केल्या होत्या आणि शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रकल्प कुठे करायला मिळतो, त्याभोवती गोल काढला होता. ताई, कौतुक करायचे ते त्या कागदाचे! क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, ज्या मुलांच्या हुशारीची वाहवा झाली, ती पुढच्या अपयशानंतर लवकर खचली आणि ज्यांच्या मेहनतीची दखल घेतली गेली, ती अधिक चिकाटीने टिकून राहिली. ती मुले तुमच्या लेकीपेक्षा बरीच लहान होती, हे खरे. तरीही ‘तू किती विचारपूर्वक ठरवलंस, ते मी पाहिलं’ हे आईचे वाक्य कोणत्याही वयात कामी येते.

नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे काम तुम्ही स्वतःकडे घ्या. नावाचा आग्रह धरणाऱ्यांना हवे तर सांगा की, स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली अमेरिकेतील विद्यार्थ्यांविषयी नेमका हाच प्रश्न तपासला होता. सारख्याच तोडीच्या विद्यार्थ्यांपैकी जे कमी नावाजलेल्या महाविद्यालयात गेले, त्यांची पुढची कमाई साधारणपणे इतरांइतकीच राहिली. गरीब घरांतल्या मुलांना मात्र मोठ्या महाविद्यालयाचा फायदा झालेला दिसला, तेव्हा नावाला काहीच अर्थ नसतो असे मी म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा वाद मिटवायला ‘तिने नीट पाहून घेतलं आहे आणि मला ते पटलं आहे’ एवढेही पुरते.

तो फोटो मात्र आजच काढून टाका. त्यावर अर्ज क्रमांक, जन्मतारीख, कदाचित क्यूआर कोडही असेल आणि एवढ्या माहितीवर कोणीही महाविद्यालयाच्या नावाने फोन करून शुल्क मागू शकतो.

आता थोडे तुमच्याविषयी. तुमच्या वेळी वडिलांनी अर्ज भरला आणि तुम्ही फक्त सही केलीत, हे तुम्ही एका ओळीत उरकले आहे. पण मला वाटते, तुमच्या आनंदाचा मोठा भाग तिथून येतो. ते मुलीला अवश्य सांगा, दोघीच असताना आणि एकदाच. वारंवार ऐकले, तर आईचे राहून गेलेले शिक्षण आपल्याला पुरे करायचे आहे असे तिला वाटू लागेल, आणि मग पहिल्या सत्रात विषय जड गेला, वसतिगृहात करमले नाही किंवा निर्णयच चुकला असे वाटले, तरी ती तुम्हाला सांगणार नाही. मोठ्या सोहळ्याची मला काळजी वाटते ती यासाठीच. ज्या निवडीचा एवढा गाजावाजा झाला, तिच्याबद्दल तक्रार करायला मुलांना जड जाते. म्हणून जाण्यापूर्वीच तिला स्पष्ट सांगून ठेवा की, तिथे नाही जमले तर आपण पुन्हा बसून विचार करू आणि त्यामुळे या आनंदाला काही उणेपणा येणार नाही.

समारंभाचे काय करायचे, ते आज रात्री तिलाच विचारा: कोण असावे, किती वेळ आणि मुळात व्हावा का. कदाचित तिला फक्त तिच्या मैत्रिणी हव्या असतील, कदाचित घरातली माणसेच. ती नको म्हणाली, तर आमंत्रितांना फोन तुम्हीच करा आणि कारण म्हणून तिचे नाव पुढे करू नका.

तुमची,
ताई