नवरा-नवरी पांढरेफटक, मागचं डेकोरेशन गायब

प्रश्न: सर, शहापुरात मंगल कार्यालयात साखरपुड्याचे फोटो काढले, फ्लॅश मारला की चेहरे पांढरे आणि मागचं लायटिंग सगळं काळं, काय करू? – एक वाचक, खानापूर

उत्तर: ऑटोवर काढलात वाटतं. हे बघा, फ्लॅशचा उजेड क्षणात येऊन जातो, त्यामुळे शटर (उजेड आत येऊ देणारा पडदा) १/२०० सेकंद उघडा ठेवला काय नि १/५० सेकंद ठेवला काय, चेहऱ्यावर फ्लॅश तेवढाच पडतो, पण मागच्या लायटिंगचा उजेड शटर जितका वेळ उघडं तितका जास्त येतो. म्हणून मॅन्युअलवर (सगळं आपण हातानं ठरवायचं) जा, आधी फ्लॅश बंद ठेवून १/५०, आयएसओ (कॅमेरा उजेड किती पकडतो ते) ८०० ते १६०० च्या आसपास मागचं जरा डीम दिसेल असं सेट करा आणि मगच फ्लॅश चालू करा, टीटीएलवर (फ्लॅशचा उजेड कॅमेराच ठरवतो), कॉम्पेन्सेशन उणे १, म्हणजे फ्लॅश एक पायरी कमी. आयएसओ, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) हलवलं तर मागचा उजेड बदलतो, आणि फ्लॅश टीटीएलऐवजी मॅन्युअलवर असला तर फ्लॅशचाही हं.

छत पांढरं असलं तर फ्लॅश वर फिरवा की, उजेड छतावरून परत चेहऱ्यावर येतो. गुलाबी पीओपी असली तर नको, चेहरेपण गुलाबी येतात, आणि आपल्याकडं असले हॉल काय कमी नाहीत! पिवळ्या लायटिंगला फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी), व्हाइट बॅलन्स (रंगांचं सेटिंग) टंगस्टन, म्हणजे पिवळ्या बल्बसाठीचं. नाचताना १/५० ला हात थोडे ब्लर येणार, मला तरी ते आवडतं. फ्लॅश चालू असताना १/२०० पेक्षा वेगवान शटर मात्र ठेवू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत काळा पट्टा येतो.