दर सोमवारचं आनंदी पत्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र लांबलचक आहे, हे बरं झालं. घरी पाठवतोस ते मेल इतके लांब नसणार.

बाकीच्या वाचकांना थोडक्यात सांगते. हा वीस वर्षांचा मुलगा द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचा (लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्या पंथाचा) मिशनरी म्हणून दोन वर्षांसाठी परदेशात गेला आहे. पहाटे उठायचं, अभ्यास, प्रार्थना, मग दिवसभर जोडीदाराबरोबर दारोदार. आठवड्यातला एक दिवस, सोमवार, मोकळा. त्या दिवशी कपडे धुवायचे, सामान भरायचं आणि घरी मेल लिहायचा. तो मेल त्याचे वडील नात्यातल्या आणि चर्चमधल्या साऱ्यांना कौतुकाने पुढे पाठवतात. मेलच्या शेवटी 'या आठवड्यात देवाने मला काय शिकवलं' असा एक परिच्छेद असतो, आणि गेले कित्येक आठवडे तो परिच्छेद हा मुलगा मनाने रचतो आहे. जोडीदाराशी बोलणं जवळजवळ बंद आहे. शिकायला येणारी दोन माणसं अचानक यायची थांबली. प्रार्थनेला बसलं की आत काहीच हलत नाही. त्याने विचारलं आहे : "ताई, मी खोटारडा आहे का? आणि असेन, तर कुठल्या तोंडाने लोकांना देवाबद्दल सांगू?"

तू खोटारडा नाहीस. तू दमलेला आहेस, आणि दमलेलं कुणाला दिसू नये म्हणून आणखी दमतो आहेस. पण तो परिच्छेद आता थांबव. तो खोटा आहे म्हणून पाप लागेल, असं मी म्हणत नाही. त्या परिच्छेदामुळे तुझ्या जवळच्या एकाही माणसाला तुझी खरी अवस्था कळलेली नाही, आणि मला काळजी वाटते ती याची.

तू त्या मंगळवारचं लिहिलं आहेस. पाऊस, बंद दार, तुम्ही दोघं पायऱ्यांवर बसलेले, जोडीदार तुझ्याकडे पाठ करून मोबाइलमधला नकाशा बघतोय आणि तुझ्या बुटात पाणी गेलंय. सोमवारी त्याचं काय झालं? "हवा जरा ओली होती, पण उत्साह कायम!" हे वाचून मला हसू आलं नाही, पोटात कालवलं. आईबापांना काळजी नको म्हणून मुलं असं लिहितात, हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या वडिलांनी ती ओळ मोठ्या अभिमानाने पन्नास जणांना पाठवली असेल, आणि पुढच्या सोमवारी त्याहून आनंदी ओळ लिहिणं तुला भाग पडलं असेल.

तुझ्याच चर्चमधली एक गोष्ट तू नक्की ऐकली असशील. गॉर्डन हिंकली 1933 साली मिशनरी म्हणून इंग्लंडमधल्या प्रेस्टनला गेले. तब्येत साथ देईना, लोक ऐकेनात. त्यांनी वडिलांना लिहिलं की मी इथे माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवतो आहे. वडिलांचं उत्तर छोटं आलं : स्वतःला विसर आणि कामाला लाग. पुढे 1995 मध्ये हेच हिंकली चर्चचे अध्यक्ष झाले. ही गोष्ट बहुतेक वेळा कुरकुर करणाऱ्या मुलांना गप्प करायला सांगितली जाते, आणि तुलाही तशीच सांगितली गेली असणार. मला मात्र तिच्यातलं पहिलं पत्र महत्त्वाचं वाटतं. त्या मुलाने वडिलांना खरं लिहिलं होतं. 'सगळं छान चाललंय' असं लिहिलं असतं तर वडील काय उत्तर देणार होते? वडिलांचा सल्ला कडक होता की योग्य, यावर वाद घालता येईल. पण तो सल्ला खऱ्या मुलाला मिळाला, मेलमधल्या मुलाला नाही.

तुला तर त्यांच्यापेक्षा सोपं आहे. पूर्वी मिशनरींना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. 2019 पासून दर आठवड्याच्या मोकळ्या दिवशी फोन आणि व्हिडिओ कॉल करायची मुभा आहे. तू लिहितोस की तू कॉल करतोस, पण सगळं घर एकत्र बसलेलं असतं, सगळे हात हलवतात आणि दहा मिनिटांत 'चल, काळजी घे' होतं. तर पुढच्या वेळी बाबांना आधी निरोप दे, मला तुमच्याशी एकट्याशी बोलायचं आहे. आणि त्या पावसाच्या मंगळवारपासून सुरुवात कर. मेल पुढे पाठवू नका असंही सांग, किंवा सगळ्यांसाठी चार ओळी आणि दोन फोटो असा वेगळा मेल लिही. पन्नास जणांपुढे मन मोकळं करायला तुला कुणी सांगितलेलं नाही. एकाला खरं कळलं तरी पुष्कळ आहे.

आता त्या 'धड्या'बद्दल. देव दर सोमवारी दुपारपर्यंत एक धडा पुरा करून हातात देतो, ही समजूत आली कुठून? मी तुझ्या चर्चची नाही, पण बायबल माझ्याही घरात वाचलं जातं. त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढ. येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. तुम्ही आजही दोघादोघांनी जाता ते त्यावरूनच. ते परत येतात आणि आपण काय केलं, काय शिकवलं ते सगळं त्याला सांगतात. म्हणजे तुझा सोमवारचा मेलच. त्यावर तो काय म्हणतो? यातून काय शिकलात, असं विचारत नाही. एकांतात चला आणि थोडी विश्रांती घ्या, असं म्हणतो. कारण येणाजाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की त्यांना जेवायलाही फुरसत नव्हती. तुझा मोकळा दिवस यासाठी आहे. तू तो बास्केटबॉल, दुकान, इतर मिशनरींबरोबरची सहल आणि मेल यांत संपवतोस आणि रात्री सकाळपेक्षा जास्त थकलेला असतोस. एक सोमवार नुसता झोपून काढलास तर काही बिघडणार नाही.

लोक ऐकत नाहीत याचंही तुझ्या मनावर ओझं आहे. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालात आले आणि त्यांच्या हातून पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा व्हायला 1800 चा डिसेंबर उजाडला. मधली सात वर्षं त्यांनी काय काय सोसलं, मुलगा गमावला, बायकोचं मन ढासळताना पाहिलं. आपल्या मराठीचं व्याकरण 1805 मध्ये छापलं ते याच माणसाने. तेव्हा आकड्यांवरून स्वतःला जोखू नकोस. आठवड्याचा अहवाल भरताना जे खरे आकडे असतील ते भर आणि तो विषय तिथे सोड.

तुझ्या पत्रात एक वाक्य असं आहे की ते मी परत परत वाचलं, आणि तू ते अगदी जाता जाता लिहिलं आहेस. गुरुवारी तुम्ही एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जाता. त्यांना धर्माबद्दल काही ऐकायचं नाही, तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण त्यांना दिसतं कमी, म्हणून तू त्यांना आलेली पत्रं आणि वर्तमानपत्र वाचून दाखवतोस. तुझा उच्चार चुकला की ते टेबलावर बोट आपटतात आणि तू तो शब्द पुन्हा वाचतोस. "यातून काही निष्पन्न होत नाही," असं तू पुढे लिहिलंस. अरे, तुझ्या सगळ्या आठवड्यात ज्या घरी तुझी वाट पाहिली जाते, ते हे एकच घर आहे! ते गृहस्थ बाप्तिस्मा घेणार नाहीत म्हणून हा तास तू घरच्यांना कधी कळवला नाहीस. बाबांना तो सांग. त्याखाली तात्पर्य लिहू नकोस.

जोडीदाराचा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो. ज्याची निवड आपण केली नाही, त्याच्याबरोबर चोवीस तास राहायचं, एकाच खोलीत झोपायचं आणि एकट्याने पाय मोकळे करायलाही जायचं नाही, हे मोठ्या माणसांनाही जड जाईल. पौल आणि बर्णबा हे येशूचा संदेश सांगत बरोबर फिरणारे दोघे. त्यांचं मार्क नावाच्या सोबत्यावरून इतकं बिनसलं की दोघं दोन दिशांना गेले, बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ते न लपवता लिहिलेलं आहे. आणि तोच पौल म्हातारपणी आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, त्याचा मला उपयोग आहे. तुमचं आज पटत नाही म्हणून दोघांपैकी कुणाची श्रद्धा कमी ठरत नाही. तू लिहितोस की दारात तू बोलायला लागलास की तो मधेच वाक्य तोडतो. हे त्याला सांगितलंस का? दारात नाही, रात्री दिवे मालवायच्या आधीही नाही. दुपारी जेवताना सांग, एकच गोष्ट सांग आणि मग त्याला तुझ्याबद्दल काय खुपतं ते विचार. त्याचंही काही असणार. तुमच्याकडे साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तोवर हे टळेल म्हणून गप्प बसू नकोस. त्याने मारहाण केली, धमकावलं किंवा सतत अपमान करत राहिला, तर मात्र वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे तुमच्या भागातल्या मिशनरींच्या प्रमुखांना, फोन करायचा.

पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की रात्री तीन वाजता जाग येते, जेवण जात नाही आणि कधी कधी वाटतं की सकाळ होऊच नये. हे तू 'जाऊ दे' म्हणून सोडलंस, मी सोडणार नाही. हे प्रार्थना कमी पडल्याचं लक्षण नाही, याला डॉक्टर लागतो. मिशन प्रेसिडेंटना किंवा त्यांच्या पत्नींना याच आठवड्यात, पुढच्या सोमवारची वाट न पाहता, हीच तीन वाक्यं जशीच्या तशी सांग. तुमच्याकडे मनाच्या आजारावर सल्ला देणारी माणसं नेमलेली असतात, त्यांच्याशी बोलणं करून द्या असं स्पष्ट माग. सकाळ होऊ नये हा विचार पुन्हा आला, तर जोडीदाराला उठव. भांडण असलं तरी उठव.

आणि घरी परतावं लागलं तर? तू हे विचारलेलं नाहीस, पण प्रत्येक पानावर ती भीती दिसते. लवकर परतलेली मुलं असतात, त्यांतली काही बरी होऊन पुन्हा जातात, काही आपल्या गावी राहून सेवेचं मिशन करतात, काही कॉलेजला लागतात. चर्चमधले दोन-चार जण कुजबुजतील. तुझे बाबा त्या वेळी काय करतील हे मला माहीत नाही. पण त्यांना पूर्वकल्पना असेल तर ते विमानतळावर तुला न्यायला येतील तेव्हा धक्क्यात नसतील, म्हणूनही तो फोन आधी कर.

तुझी,
ताई